सोमवारची फुंक

९ फेब्रुवारी

बारक्या,

अक्षर ओळखून फाडणार असलास तर निदान पहिलं पान वाच आणि मग फाड. तू तुझ्या फोनवर माझा नंबर बंद केलायस. आईच्या फोनवरून बोलायला गेले तर उठून बाहेर जातोस. मग कागदाशिवाय माझ्याकडे उरलं काय? आणि पहिल्या पानावर भांडण नाहीये, कामाचं आहे.

ऑक्टोबरात तुमच्या कारखान्यातून सगळ्यांना श्वासाच्या तपासणीला आमच्या हॉस्पिटलात आणलं होतं. तू आलास, नाकाला चिमटा लावलास, नळी तोंडात धरलीस, तीनदा फुंकलंस आणि माझ्याकडे न बघता उठलास. जाताना सख्ख्या बहिणीला "थँक्यू मॅडम" म्हणालास. ते जाऊ दे. तुझी ती तपासणी मला परत घ्यायची आहे. घाबरण्यासारखं काही नाही. यंत्र नव्याने जुळवलंय, म्हणून दोन-चार जणांची परत घेतेय, इतकंच. गुरुवारी दुपारी ये, तेव्हा गर्दी नसते. पंधरा मिनिटांचं काम आहे. तुमच्या सुपरवायझरला सांगायचीही गरज नाही.

तोवर मास्क लाव. रुमाल नाही, मास्क. आणि दगड कोरडा कापू नकोस, पाणी सोडून काप. पाण्याच्या टेबलावर काम हळू होतं आणि तुम्ही लोक त्याला आंघोळीचं खातं म्हणून हसता, हे मला माहीत आहे. हसू देत हसणाऱ्यांना.

माझं ठीक चाललंय. तू विचारणार नाहीस, तरी सांगते. व्हेप मी जवळजवळ सोडल्यातच जमा आहे. दिवसाला चार-पाच झुरके, तेही जेवणानंतर. म्हणजे त्या बाबतीत आता तुला बोलायला जागा नाही.

गुरुवारी ये हं.

ताई


२१ फेब्रुवारी

बारक्या,

दोन गुरुवार गेले. दोन्ही दिवशी दुपारचा डबा मी तपासणीच्या खोलीतच उघडला, न जाणो तू यायचास आणि मी कँटीनमध्ये असायचे. आई म्हणाली, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि म्हणालास, "तिला बोलायला निमित्त हवंय, यावेळी फुप्फुसाचं काढलंय." मग आईने आपणहून सांगितलं की हल्ली तू सकाळी उठल्यावर खोकतोस, पण धुळीचा आहे, आंघोळ केली की जातो म्हणतोस. अरे शहाण्या, फुप्फुसाला साबण लावता येत नाही.

निमित्त नाहीये रे. तुला कसं पटवू? मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं, ते मागे घेते, म्हणजे बाकीच्यावर तरी तुझा विश्वास बसेल. चार-पाच झुरके नाहीत. माझ्या व्हेपला नखाएवढा पडदा आहे, त्यावर दिवसाचा हिशोब दिसतो. काल तीनशे अठ्ठ्याऐंशी होते. डोळे उघडायच्या आधी माझा हात उशीखाली जातो. दात घासायच्या आधी वीस-पंचवीस झालेले असतात. हॉस्पिटलात दर दोन पेशंटनंतर मी जिन्याखाली जाते, तिथे जुन्या खाटा ठेवल्यात, त्यांच्यामागे उभी राहते. कामवाल्या मावशींना वाटतं मला पोटाचा त्रास आहे. त्यांनी मला ओवा आणून दिला.

हिरड्या सोललेल्या असतात, घसा कायम कोरडा. दुसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या वळणावर थांबते आणि फोन आल्यासारखं करते. सकाळी मलाही खोकला येतो. एखाद्या दिवशी व्हेप घरी विसरलं तर अकरा वाजेपर्यंत हात थरथरतात, डोकं फुटायला येतं आणि मी पेशंटवर खेकसते. त्याच पेशंटला तपासणी झाल्यावर सांगते, "काका, विडी सोडा." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ती म्हण कुणीतरी मला बघूनच केली असणार.

आणि बाबांचं. तू त्यावरूनच बोलणं सोडलंस ना? तर लिहून देते. शेवटच्या महिन्यात बाबांना घरी ऑक्सिजन लावला होता, तेव्हा तुला त्यांच्या खोलीत कलिंगडाचा वास आला. तू विचारलंस, मी म्हणाले हातावरचं लोशन आहे. तू परत विचारलंस, तेव्हा मी झोपलेल्या बाबांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की सोडलंय. ते गेल्यानंतर बाबांचा चष्मा शोधायला तू माझी पर्स उघडलीस आणि तुला ते कलिंगडाच्या वासाचं व्हेप सापडलं. मी त्यांच्या उशाशी ओढत होते, बारक्या. सिलिंडर हाताच्या अंतरावर होता. एक ठिणगी पडली असती तर बाबा त्यांच्या आजाराने गेले नसते. मला तेव्हाही हे माहीत होतं. ऑक्सिजनजवळ आग कशी भडकते ते मी लोकांना शिकवते.

तर हे सगळं खरं आहे आणि यंत्राचंही खरं आहे. त्यात थोडा बिघाड होता. तू ये.

ताई


६ मार्च

बारक्या,

चार कागद फाडले. पाचव्यावर सरळ लिहिते. यंत्रात बिघाड नव्हता. बिघाड माझ्यात होता आणि तो मी यंत्रात घातला.

नीट समजावते, कारण आमच्या खोलीबाहेर हे कुणाला माहीत नसतं. श्वासाचं यंत्र बरोबर मोजतंय का हे बघायला आमच्याकडे एक मोठी पिचकारी असते. तिच्यात मोजून तीन लिटर हवा मावते. रोज सकाळी ती यंत्रात रिकामी करायची, पडद्यावर तीन आलं की दिवस सुरू. शिवाय दर सोमवारी टेक्निशियनने स्वतः फुंकायचं. निरोगी माणसाचा आकडा दर आठवड्याला फारसा हलत नाही, म्हणून तो वहीत लिहून ठेवायचा. यंत्र बिघडलं तर तिथे कळतं. माझा आकडा सहा वर्षं तीन पॉइंट एक लिटर. आमच्या छातीच्या डॉक्टर, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, त्या नव्या डॉक्टरांना माझी ओळख करून द्यायच्या, "ही आमची चालतीबोलती पिचकारी."

सप्टेंबरच्या शेवटी खऱ्या पिचकारीच्या दट्ट्याचं रबर झिजलं. ती दुरुस्तीला गेली ती नऊ आठवडे आली नाही. तेवढ्या दिवसांत यंत्र तपासायला उरली फक्त माझी सोमवारची फुंक. आणि खरं सांगायचं तर वर्षभर मी सोमवारी फुंकतच नव्हते. पिचकारी रोज बरोबर येतेय तर कोण बघतंय, म्हणून वहीत नुसतं तीन पॉइंट एक लिहीत होते. त्या सोमवारी खरंच फुंकलं. दोन पॉइंट सात चार आलं. पाणी प्यायले, परत फुंकलं. तेच. उभं राहून फुंकलं, तेच.

आता तूच सांग, कुणाला काय वाटेल? मला वाटलं यंत्र कमी दाखवतंय. म्हणजे, आधी दुसरं काहीतरी वाटलं होतं, पण ते मी पुरतं वाटू दिलं नाही. यंत्रात दुरुस्तीचा एक आकडा भरता येतो, मोजलेलं त्याने गुणलं जातं. तो मी वाढवत नेला, माझा श्वास परत तीन पॉइंट एक येईपर्यंत. एक पॉइंट तेरावर आला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, मी तर अंगण उकरून माझ्या पायांना जुळवून घेतलं.

त्या नऊ आठवड्यांत ज्यांनी फुंकलं त्या प्रत्येकाचं फुप्फुस कागदावर तेरा टक्क्यांनी सुधारलं. एकूण एकेचाळीस माणसं. त्यात तू आहेस. तुझा आकडा आला ब्याऐंशी, म्हणजे तुझ्या वया-उंचीच्या निरोगी माणसाच्या ब्याऐंशी टक्के. ऐंशीच्या वर असला की आम्ही "धुळीच्या कामास योग्य" असा शिक्का मारतो. तो मी मारला, माझ्या हाताने. तुझा खरा आकडा होता बहात्तर-त्र्याहत्तर. तेव्हाच तुला कटरवरून काढायला हवं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी पिचकारी आली. मी ढकलली आणि पडद्यावर तीनऐवजी तीन पॉइंट चार आलं. म्हणजे यंत्र आधी बरोबरच होतं, कमी झाला होता तो माझा श्वास. मग दार लावलं, दुरुस्तीचा आकडा परत एकवर आणला, पिचकारी पुन्हा ढकलली, तीन आलं, आणि वहीत लिहिलं "यंत्र ठीक". त्यानंतर जिन्याखाली खाटांच्या मागे पाऊण तास होते. आणि तुला पहिलं पत्र लिहीपर्यंत अडीच महिने गप्प बसले. का, तर सांगितलं की नोकरी जाणार, आणि का झालं हे विचारलं की सगळ्या हॉस्पिटलला कळणार की श्वासाच्या खोलीतल्या बाईचाच श्वास गेलाय.

मला शिव्या दे, पण ये. गुरुवार नको, कधीही ये. मी सकाळी आठपासून असते.

ताई


१४ मार्च

बारक्या,

मागचं पत्र तू उघडलंच नाहीस असं आई म्हणाली. "दोन वाचली, पुरे झाली," म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलंस. मग मी आईलाच फोनवर सांगितलं, त्याला म्हणावं, ऑक्टोबरचा आकडा चुकीचा आहे. तिने सांगितलं. त्यावर तू म्हणालास, "यंत्र खोटं बोलत नाही गं आई. ती बोलते." मला आधी रडू आलं आणि मग हसू, कारण माणूस ओळखण्यात तू एकदम बरोबर होतास आणि नेमका इथेच चुकलास.

म्हणून काल मी तुझ्या कारखान्याच्या फाटकावर आले. समोरच्या बसथांब्यावर बसले होते, चारच्या शिफ्टची वाट बघत. फाटक बंद असतानाही आतला आवाज ऐकू येत होता, दात शिवशिवतात तसला. मग तुम्ही बाहेर आलात. बारक्या, मी तुला ओळखलं नाही. सहा फुटी माणूस, केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरी धूळ. वयाने बाबांएवढा दिसत होतास. मास्क होता, पण हनुवटीच्या खाली लोंबत होता. कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होतास आणि मध्येच वाकून खोकलास. फुटपाथला हात टेकवून.

तू मला पाहिलंस. पाहिलंस आणि दोन पावलं माझ्याकडे आलास, हे मी शपथेवर सांगेन, माझ्या शपथेला किंमत नसली तरी. मी उठले. काय बोलायचं ते सगळं पाठ करून आले होते. आणि त्या दोन पावलांमध्ये माझा हात, कुणी सांगितलं नसताना, पर्समध्ये गेला, वर आला, आणि तुझ्या-माझ्या मध्ये तो धूर उभा राहिला. मला कळलंसुद्धा नाही. तुझा चेहरा बघून कळलं.

"तीनशे अठ्ठ्याऐंशीतला कितवा हा?" तू म्हणालास आणि परत फाटकातून आत गेलास.

मी तिथेच बसून राहिले. दोन बस गेल्या. रडता रडता ओढत होते. मला त्या वस्तूचा इतका राग आला होता, आणि तो राग सहन होईना म्हणून तीच ओढत होते. यालाच व्यसन म्हणत असावेत. पुस्तकात वेगळं लिहिलेलं असतं.

तू माझ्या सांगण्यावरून येणार नाहीस, हे आता कळलं. तू कागदावरून येशील. हॉस्पिटलचा शिक्का असलेला कागद तुझ्या सुपरवायझरच्या टेबलावर आला की तुला यावंच लागेल. आणि तो कागद निघायचा तर मला मोठ्या मॅडमच्या खोलीत जाऊन तोंड उघडावं लागेल. परवा सोमवार आहे. मला फार भीती वाटतेय, बारक्या. हेही पत्र तू उघडणार नाहीस, म्हणून लिहायला सोपं जातंय.

ताई


२२ मार्च

बारक्या,

सांगितलं.

सोमवारी साडेआठला वही घेऊन गेले. मॅडम चहा पीत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं बोलले, मधे थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. त्यांनी कप खाली ठेवला. वही घेतली, मागची पानं उलटली, तीन पॉइंट एक, तीन पॉइंट एक, तीन पॉइंट एक. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. म्हणाल्या, "यंत्र बिघडलं तर मी दुसरं मागवते गं. वही खोटी निघाली तर मी काय मागवू?" मग म्हणाल्या, "एकेचाळीस फायली काढ. आत्ता. आणि यापुढे यंत्राला हात लावायचा नाहीस."

आता मी फायलींच्या काउंटरवर आहे. चौकशी बसेल, नोकरीचं पुढच्या महिन्यात ठरेल. माझ्या जागी दुसऱ्या विभागातून एक बाई आल्यात. स्वभावाने गाय, आवाज सायीसारखा. एकेचाळीस पत्रं गेली. तुमच्या कारखान्याच्या नावाने नऊ आहेत. पाकिटं मीच चिकटवली.

फायली काढून दिल्यावर मॅडमनी मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं आणि फुंकायला लावलं. दोन पॉइंट सात चार. मी विचारलं, हे व्हेपमुळेच का? म्हणाल्या, "छातीठोकपणे नाही सांगणार. पण बंद केल्याशिवाय कळणारही नाही." तीनशे अठ्ठ्याऐंशीवरून एकदम शून्यावर येता येईल का, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. कागद घेतला आणि कामाला लागल्या. उठल्यावर पहिला तास काही नाही. अंथरुणात नाही, बाथरूममध्ये नाही, जिन्याखाली तर नाहीच. व्हेप खिशात न ठेवता लॉकरमध्ये ठेवायचं, म्हणजे प्रत्येक वेळी उठून, किल्ली घेऊन, चालत जावं लागेल. आतल्या द्रवातलं निकोटिन कमी करायचं. फारच ओढ लागली तर निकोटिनचं च्युइंगगम, ते त्यांनी लिहून दिलं. आणि सोडायची एक तारीख ठरवायची. मी म्हणाले, एक एप्रिल. त्या पहिल्यांदा हसल्या, "त्या दिवशी कोण विश्वास ठेवणार?"

कमी निकोटिनचं भरलं तर तीन दिवसांत झुरके चारशे तीसवर गेले. मला वाटलं होतं प्रगती चाललीय. मॅडम म्हणाल्या, "अगं, तू तेवढंच घेतेयस, फक्त जास्त मेहनत करून." मग आकडाही ठरवला. शंभर. मग साठ. काल अठ्ठावन्न. लॉकरची किल्ली त्या सायीच्या आवाजाच्या बाईंकडे दिलीय. त्या किल्ली देताना दर वेळी विचारतात, "आत्ताच हवीय का? पाच मिनिटांनी देऊ?" पाच मिनिटं फायली लावत राहिलं की निम्म्या वेळा ओढ उतरते. उरलेल्या निम्म्या वेळा मी त्यांच्या हातातून किल्ली हिसकावते आणि मग दिवसभर त्यांची माफी मागते.

झोप लागत नाही. डोळे सारखे भरून येतात, भूक तर राक्षसासारखी लागते. खोकला वाढलाय आणि छातीतून काय काय वर येतंय ते तुला लिहीत नाही. हे सगळं सहन करेन. तू ये म्हणजे झालं. तुम्हा नऊ जणांना तपासणीची तारीख चार एप्रिल दिलीय.

ताई


५ एप्रिल

बारक्या,

काल तू आलास, म्हणून हे खरं तर सांगायची गरज नाही. तरी लिहिते, कारण काल मला सगळं बोलता आलं नाही आणि आज मी घरात एकटी भिंतींशी बोलत बसलेय.

नऊ जणांत तू सगळ्यात शेवटी होतास. काउंटरवर येऊन तू तुझं नाव मला सांगितलंस, मी जणू कुणी परकी. मी फाईल दिली. माझी बोटं थरथरत होती, व्हेप सोडून चौथा दिवस होता. तू ती बोटं पाहिलीस.

दार अर्धं उघडं होतं. आतून बाईंचा आवाज येत होता, "हं, फुंका हं, छान, अजून थोडं." श्वासाच्या खोलीत असं बोलून चालत नाही रे. माणसाच्या छातीतला शेवटचा भाग असा लाडाने बाहेर येत नाही, त्याच्या अंगावर ओरडावं लागतं. मी ओरडायचे तेव्हा बाहेर बसलेल्यांना वाटायचं की आत बाळंतपण चाललंय. तुझी पहिली फुंक बाद झाली, दुसरी बाद, तिसरी बाद. अर्धी फुंकून तू सोडून देत होतास. अशा फुंकीवर काहीच ठरवता येत नाही. परत ऑक्टोबरचा ब्याऐंशीच धरला जाईल की काय, असं माझ्या मनात आलं.

मॅडम बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं. "दारात उभी राहा. यंत्राकडे जायचं नाही. नुसतं ओरडायचं."

मी उंबऱ्याशी उभी राहिले. तू पाठमोरा होतास, नाकाला चिमटा, नळी तोंडात. बाई म्हणाल्या, पूर्ण श्वास घ्या. आणि मी ओरडले. फुंक! जोरात! फुंक, फुंक, फुंक, सोडू नकोस, अजून आहे, आत अजून आहे, अजून, अजून, बारक्या अजून! सहा सेकंद ओरडावं लागतं. मी हे दिवसात वीस-वीस वेळा केलंय. काल चौथ्या सेकंदाला माझा आवाज संपला. श्वासच नव्हता. पुढचं "अजून" तोंडात आलं आणि त्याच्या जागी खोकला आला, असा की मी चौकट धरून खाली बसले.

तू फुंकत राहिलास. मी ओरडत नव्हते, कुणीच ओरडत नव्हतं, फक्त माझा खोकला चालू होता, आणि तू मान लाल होईपर्यंत फुंकत राहिलास. बाई म्हणाल्या, "हे झालं. हे बरोबर आलं."

सहासष्ट.

ऑक्टोबरपासून सहा-सात आणखी गेले. ते परत येणारे नाहीत, हे तुला मॅडमनी सांगितलं, मी असते तर शब्द फिरवला असता. कालच्या काल तुझा धुळीतला परवाना काढून घेतला. आता तू गोदामात फरशा मोजणार. तू हे सगळं नळाशी उभा राहून मला सांगितलंस, तोंड धुताधुता. दहा महिन्यांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य.

मग म्हणालास, "बाजूचे सगळे म्हणायचे, मास्क लाव रे. चष्म्यावर वाफ येते म्हणून मी लावायचो नाही. त्यांना म्हणायचो, माझं ब्याऐंशी आहे. माझ्या बहिणीने मोजलंय."

मी म्हणाले, "तू तर माझ्याशी बोलत नव्हतास."

"बोलत नव्हतो," तू म्हणालास. "त्याचा इथे काय संबंध?"

बारक्या, मला वाटत होतं की तुझा माझ्यावरचा विश्वास बाबांच्या खोलीत संपला. त्या समजुतीवर मी दहा महिने काढले. संपला असता तर बरं झालं असतं. तू मास्क तरी लावला असतास.

नंतर तू विचारलंस, "तुझा किती?" मी म्हणाले, दोन पॉइंट सात चार. तू रुमालाने तोंड पुसलंस, रुमाल झटकलास. जाताना म्हणालास, "पत्रं फार लांब लिहितेस. यापुढे सोमवारी फुंक आणि आकडा कळव. सही दुसऱ्या कुणाची तरी."

तेवढं सांगून गेलास. माफ केलंय असं तू म्हणाला नाहीस आणि मी तसं धरूनही चाललेले नाही.

ताई


१३ एप्रिल, सोमवार

बारक्या,

दोन पॉइंट सात एक. मागच्यापेक्षा थोडा कमीच. मॅडम म्हणतात, इतक्या लवकर काही ठरत नाही, आणि कधी वाढेल की नाही हेही त्या सांगत नाहीत. आकड्याखाली बाईंची सही आहे. ओरडायचं कामही त्यांनीच केलं. आता त्यांना जमायला लागलंय.

शनिवारी दुपारी नोकरीच्या चौकशीचा कागद हातात पडला. घरी येताना मी नवीन व्हेप घेतलं. दारातच दोन झुरके घेतले आणि मग ते पाण्याच्या बादलीत बुडवलं. बुडवलं हे तू खरं मानावंस असं मी म्हणणार नाही. कुणी पाहिलेलं नाही, यंत्रात दिसणार नाही आणि कुणी सहीही करणार नाही. दोन झुरके. मी सांगितल्याशिवाय हा आकडा तुला कधीच कळला नसता.

ताई